मोजणीतून गळलेली माणसे

सप्टेंबर १९९४ चा शेवटचा आठवडा. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष पूर्ण होत आले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या पहाटेनंतर आमच्या भागातील माणसांना पक्क्या छताखाली झोप लागत नसे. शिरूर अनंतपाळ तेव्हा तालुक्याचे गाव व्हायचे होते. भूकंपाची धास्ती पुरती ओसरली नव्हती, तोच दुसरी बातमी येऊन थडकली : बीड जिल्ह्यातील मामला गावात उंदीर मरून पडले, माणसांना ताप आला, जांघेत आणि काखेत गाठी आल्या. प्लेग! पाठोपाठ सुरतेहून फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी आली. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर रोज नवा आकडा छापून येऊ लागला.

वर्गात नववीच्या एका मुलाने विचारले, “सर, बीडला एवढे पेशंट सापडलेत म्हनतेत. मग मेले किती? आन् कुणी मेलं नसंल तर त्यो प्लेग कसा?”

मी म्हणालो, “डॉक्टर सांगतात म्हणजे असणारच.” मुलगा गप्प बसला. त्याचा प्रश्न अगदी योग्य होता आणि माझे उत्तर चुकीचे होते, हे मला फार उशिरा कळले. त्यासाठी आधी प्लेगच्या इतिहासात शंभर वर्षे मागे जावे लागले. तो प्रवास येथे मांडतो आहे. रोगांच्या आणि औषधांच्या बातम्या कशा वाचाव्यात हे शिकायला याहून चांगला धडा मला तरी सापडलेला नाही.

भायखळ्याचा तुरुंग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईस आले. ओडेसा येथे १८६० मध्ये जन्मलेले हे शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले होते, आणि त्यापूर्वी त्यांनी भारतात पटकीची लस टोचली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या जागेत त्यांनी प्लेगची लस बनवायला घेतली. मांसाच्या पाण्यावर तुपाचे थेंब सोडायचे, त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबकळत वाढू द्यायचे, मग ते उष्णतेने मारायचे, अशी त्यांची रीत होती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना लागण होऊन पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. या काळाची निकड किती होती, हे या दोन तारखांवरून कळते.

स्वतःला टोचून घेतल्याने लस सुसह्य आहे एवढे कळते. ती प्लेगपासून वाचवते की नाही, हे कळत नाही. ते कळण्यासाठी ज्यांना प्लेगचा धोका आहे अशी माणसे हवीत, आणि त्यांतील काहींना लस टोचलेली तर काहींना न टोचलेली हवी. अशी संधी महिनाअखेरीस आली. भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारी १८९७ रोजी दीडशेच्या आसपास कैद्यांनी स्वेच्छेने लस टोचून घेतली. पावणेदोनशेच्या आसपास कैदी लशीवाचून राहिले. सगळे एकाच आवारात राहत होते आणि एकच अन्न खात होते.

पुढच्या आठवड्याचा हिशेब असा निघाला : लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. लस घेतलेल्यांत दोघांना झाला आणि दोघेही वाचले. म्हणजे एकीकडे शेकडा सुमारे ७ जणांना लागण, दुसरीकडे शेकडा एकाहून थोडी जास्त.

हे आकडे पाहून कुणीही म्हणेल, लस गुणकारी आहे. पण या हिशेबात तीन माणसे नाहीत. लस टोचली त्याच संध्याकाळी लस घेतलेल्या तिघांना प्लेगची लक्षणे दिसली आणि ते मरण पावले. हाफकिन यांनी ही गोष्ट लपवली नाही, मात्र त्यांना तुलनेत धरले नाही. त्यांचे म्हणणे असे की, या तिघांच्या अंगात रोग आधीच भिनला होता आणि काही तासांत कोणतीही लस काम करू शकत नाही. हे म्हणणे वैद्यकीयदृष्ट्या पटण्यासारखे आहे. तरीही पाटीवर गणित करून पाहावे. तिघांना परत आत घेतले, तर लस घेतलेल्यांत लागण ५ आणि मृत्यू ३ होतात. लशीचा फायदा नाहीसा होत नाही, पण तो बराच लहान दिसू लागतो. एकाच तुरुंगातील एकाच आठवड्याचे दोन निकाल, आणि फरक एवढाच की तीन माणसांना मोजायचे की नाही. वगळायचेच असेल, तर दोन्ही बाजूंची मोजणी एकाच क्षणापासून सुरू करावी लागते. इकडचे त्या दिवसाचे रुग्ण सोडले तर तिकडचेही सोडले पाहिजेत.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. टोचून घ्यायला पुढे आले ते कोण? कदाचित जास्त धडधाकट, कदाचित जास्त सावध. त्यांना प्लेग कमी झाला, याचे श्रेय लशीचे किती आणि त्यांच्या मूळच्या प्रकृतीचे किती, हे या प्रयोगातून सांगता येत नाही.

उंढेऱ्याची अर्धी घरे

ही अडचण हाफकिन यांनीही ओळखली होती. जानेवारी १८९८ मध्ये मुंबईच्याच उमरखाडी तुरुंगात प्लेग आला, तेव्हा कैद्यांना रांगेत बसवून एकाआड एकाला लस टोचली गेली. आता निवड कैद्याच्या इच्छेवर राहिली नाही, तो रांगेत कुठे बसला यावर ठरली. आज औषधांच्या चाचण्यांत कुणाला कोणते औषध द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवतात. त्या पद्धतीचे हे एक जुने आणि साधे रूप आहे. अर्थात कैद्यांना नकार देण्याचे स्वातंत्र्य कितपत होते, हा प्रश्न आज आपण विचारलाच पाहिजे.

याहून बोलके उदाहरण बडोदा संस्थानातील उंढेरा या खेड्याचे. फेब्रुवारी १८९८ मध्ये तेथे प्लेग होता. हाफकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन प्रत्येक कुटुंबातील साधारण अर्ध्या माणसांना लस टोचली. लहान-मोठे, बायका-पुरुष, अशक्त-सशक्त दोन्ही बाजूंना सारखे यावेत असा प्रयत्न केला. नंतर २८ कुटुंबांत प्लेग शिरला. त्या कुटुंबांतील लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना प्लेग झाला आणि २६ मेले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना झाला आणि ३ मेले.

एकच छप्पर, एकच धान्याची कणगी, तेच उंदीर. फरक फक्त टोचणीचा. भायखळ्याच्या आकड्यांपेक्षा हे आकडे जास्त विश्वासाचे का, हे विद्यार्थ्यांना त्यांच्या शब्दांत सांगायला लावावे. येथे ‘किती जणांपैकी’ हे माहीत आहे, ‘कुणाच्या तुलनेत’ हे माहीत आहे, आणि दोन्ही बाजू शक्य तितक्या सारख्या केलेल्या आहेत. त्याचबरोबर याही आकड्यांची मर्यादा सांगावी : कुणाला टोचायचे हे ठरवणारे आणि नंतर निकाल मोजणारे लोक तेच होते. शिवाय ही लस घेतल्यावर चांगलाच ताप येई, आणि लस घेतलेल्यांतही आठ जणांना प्लेग झालाच. लस उपयोगी होती, रामबाण नव्हती.

मल्कोवालचे एकोणीस आणि अठ्ठ्याऐंशी

आता उलट बाजूची गोष्ट. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मल्कोवाल या गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. लस मुंबईत परळच्या प्रयोगशाळेतून, म्हणजे हाफकिन यांच्याकडून, गेलेली होती.

‘लस टोचल्याने १९ ठार’ ही बातमी खरी होती. पण तिच्यात ८८ माणसे नव्हती. त्याच दिवशी, त्याच गावात, त्याच प्रयोगशाळेची लस घेऊन ती सुखरूप राहिली होती. मेलेल्या एकोणीस जणांना एकाच बाटलीतील लस दिली होती आणि उरलेल्या ८८ जणांना दुसऱ्या बाटल्यांतील. म्हणजे प्रश्न ‘लस मारक आहे का’ हा नव्हता. ‘या एका बाटलीत धनुर्वाताचे जंतू केव्हा शिरले’ हा होता. परळला, की मल्कोवालला?

चौकशी आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांनी लस लवकर तयार व्हावी म्हणून कार्बॉलिक आम्ल घालण्याची जुनी रीत बदलली होती, आणि आयोगाला त्यात निष्काळजीपणा दिसला. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. पण दोन गोष्टी या निष्कर्षाशी जुळत नव्हत्या. परळला भरल्यापासून बाटली कित्येक आठवडे बंद होती. जंतू तेव्हाच शिरले असते, तर एवढ्या काळात ते भरपूर वाढून बाटली उघडताच दुर्गंधी यायला हवी होती. तशी दुर्गंधी बाटली उघडणाऱ्याला आली नव्हती. दुसरी गोष्ट गावातली. बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो उकळून न घेता जंतुनाशकात नुसता बुचकळून पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आठवीचा विद्यार्थीही जाणतो.

जुलै १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये काही नामवंत शास्त्रज्ञांचे पत्र प्रसिद्ध झाले. हाफकिन यांच्यावरील आरोप पुराव्याने खोडून निघतो, असे त्यांनी त्यात मांडले होते. सही करणाऱ्यांत रोनाल्ड रॉस होते. हेच ते रॉस, ज्यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादेस डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी शोधला. सिकंदराबाद आणि आपला लातूर-नांदेडचा मुलूख तेव्हा एकाच निजामी राज्यात होते. त्याच वर्षी सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त करून पुन्हा कामावर घेतले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. पण मधली पाच वर्षे गेलीच, आणि लसीकरणावरील लोकांच्या विश्वासाला जो धक्का बसला त्याची भरपाई कोणत्याही पत्राने होण्यासारखी नव्हती. प्लेग तर चालूच होता.

भायखळ्याच्या हिशेबात तीन मृतांना वगळल्याने लस होती त्याहून जास्त चांगली दिसली. मल्कोवालच्या बातमीत ८८ जिवंतांना वगळल्याने ती होती त्याहून फार वाईट दिसली. चूक एकच आहे, फक्त दिशा उलटी.

मार्सेचे सहा

हे सारे जुन्या काळचे झाले, आता शास्त्र पुढे गेले आहे, असे कुणी म्हणेल. म्हणून एक अलीकडचे उदाहरण घेऊ. मार्च २०२० मध्ये, कोरोनाची साथ नवी असताना, फ्रान्समधील मार्से येथून एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे हिवताप आणि संधिवातावरचे जुने औषध कोरोनावर चालते, असा त्याचा दावा होता. औषध घेतलेल्या २० जणांपैकी १४ जणांच्या नाकातून सहाव्या दिवशी विषाणू नाहीसा झाला होता. औषध न घेतलेल्या १६ जणांपैकी तो फक्त दोघांतून नाहीसा झाला होता. शेकडा ७० विरुद्ध साडेबारा! ही बातमी जगभर पसरली. आपल्याकडेही दुकानांतून या गोळ्या दिसेनाशा झाल्या आणि ज्यांना त्या रोज लागतात अशा रुग्णांचे हाल झाले.

औषध सुरू केलेले रुग्ण मात्र २० नव्हते, २६ होते. उरलेल्या सहांपैकी तिघांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले, एक मरण पावला, एकाने मळमळीमुळे गोळ्या सोडल्या आणि एक रुग्णालय सोडून गेला. हे सहाही जण अंतिम हिशेबातून वगळले गेले. म्हणजे ज्यांची प्रकृती बिघडली ते हिशेबाबाहेर आणि उरलेल्यांत औषधाचा गुण शेकडा ७०. शिवाय मोजले काय, तर नाकातील विषाणू. माणूस वाचला का, हे मोजण्याएवढा तो अभ्यास मोठाच नव्हता.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ‘रिकव्हरी’ नावाची मोठी चाचणी झाली. कुणाला औषध द्यायचे हे चिठ्ठीसारख्या पद्धतीने ठरवले गेले आणि ज्याच्या वाट्याला जे आले त्याला त्याच बाजूला मोजले गेले, मग पुढे त्याचे काहीही होवो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलेल्या १५६१ रुग्णांपैकी २८ दिवसांत शेकडा २७ मरण पावले. नेहमीचेच उपचार मिळालेल्या ३१५५ रुग्णांत हे प्रमाण शेकडा २५ होते. औषधाचा उपयोग नव्हता. मार्सेचा तो लेख डिसेंबर २०२४ मध्ये नियतकालिकाने मागे घेतला. या प्रकारच्या चाचण्यांचे मूळ शोधत मागे गेले, तर उमरखाडीची ती एकाआड एक बसवलेली रांग वाटेत लागते.

त्या मुलाला उत्तर

आता १९९४ कडे परत येऊ. जागतिक आरोग्य संघटनेकडे त्या साथीची जी अंतिम नोंद गेली, तिच्यात भारतभर ८७६ संभाव्य रुग्ण आणि ५४ मृत्यू आहेत. रुग्णांपैकी ५९६ महाराष्ट्रातील आणि १५१ गुजरातमधील. मृत्यू मात्र बहुतेक सुरतेचे. हा तक्ता नुसता वाचला, तर महाराष्ट्रातला प्लेग मवाळ आणि गुजरातेतला जहाल वाटेल. माझ्या विद्यार्थ्याला हेच कोडे पडले होते.

कोड्याचे पहिले उत्तर रोगाच्या प्रकारात आहे. बीडकडे गाठीचा प्लेग होता. तो पिसवांमुळे होतो आणि टेट्रासायक्लिनसारखी औषधे वेळेवर मिळाली तर रुग्ण बहुधा वाचतो. सुरतेला फुफ्फुसाचा प्लेग होता. तो खोकल्यातून पसरतो आणि उपचाराला एखादा दिवसही उशीर झाला तर जीव घेतो.

दुसरे उत्तर मोजणीत आहे. बीड भागात पथके गावोगाव फिरून ताप आणि गाठी असलेल्यांचे रक्त तपासत होती. त्यामुळे सौम्य आजारीही नोंदले गेले. सुरतेत जे गंभीर होऊन रुग्णालयात पोहोचले ते मुख्यतः मोजले गेले. भाजकात कोण आले हेच दोन ठिकाणी वेगळे होते.

तिसरे उत्तर चाचणीचे. ‘संभाव्य रुग्ण’ म्हणजे बहुतेकांच्या रक्तात प्लेगच्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली होती. एकदाच घेतलेल्या रक्तात ती दिसली, तर तो पुरावा कच्चा असतो. काही दिवसांच्या अंतराने दुसऱ्यांदा रक्त घेऊन प्रमाण वाढले का ते पाहावे लागते. सर्वांत पक्का पुरावा म्हणजे प्रत्यक्ष जंतू वाढवून दाखवणे. ‘संशयित’, ‘चाचणीत होकारार्थी’ आणि ‘जंतू सापडलेला’ या तीन वेगवेगळ्या चाळण्या आहेत. वर्तमानपत्रांतून त्या वेळी तिन्हींचे आकडे ‘प्लेगचे रुग्ण’ याच एका नावाने फिरत होते, आणि म्हणून आकडा रोज उड्या मारत होता.

भारतात त्यापूर्वी माणसातील प्लेगची खात्रीची नोंद १९६६ ची होती. इतक्या वर्षांनी तो परत आला, हे मान्य करताना काही जाणकारांनी शंका घेतल्या. हा प्लेग नसून दुसराच एखादा आजार असावा, असेही मत मांडले गेले. या शंका घेणे गैर नव्हते. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पुराव्यांची छाननी केली. बीड आणि सुरत येथील नमुन्यांतून मिळवलेल्या जंतूंचा जनुकीय अभ्यास झाला आणि हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्राचा याविषयीचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. जंतू प्लेगचेच होते. शंका विचारली गेली, तपासली गेली आणि मिटली. पण तोवर काही लाख माणसे सुरत सोडून गेली होती, औषधांच्या दुकानांतील टेट्रासायक्लिन संपले होते आणि काही देशांनी भारताशी विमानसंबंध तोडले होते.

भूकंपामुळे लोक घरे सोडून पत्र्याच्या निवाऱ्यात राहायला गेले, मागे राहिलेल्या धान्यावर उंदीर माजले आणि त्यातून प्लेग आला, असे स्पष्टीकरणही तेव्हा दिले गेले. ते शक्य कोटीतले आहे. पण भूकंपानंतर प्लेग आला, एवढ्यावरून भूकंपामुळे प्लेग आला असे सिद्ध होत नाही. घरे सोडलेल्या कितीतरी गावांत प्लेग आला नाही. मल्कोवालच्या ८८ जणांसारखी ती गावेही मोजावी लागतात.

वर्गात करण्यासारखे

आरोग्याची कोणतीही ताजी बातमी घ्यावी आणि फळ्यावर चार प्रश्न लिहावेत : मोजले ते नेमके काय? किती जणांपैकी? कुणाच्या तुलनेत? आणि सुरुवातीला होती पण शेवटच्या आकड्यात नाहीत, अशी माणसे कोणती? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे बातमीत निदान अर्धवट तरी सापडतात. चौथ्याचे सहसा सापडत नाही. ते सापडत नाही, हेच विद्यार्थ्यांनी वहीत लिहावे. बातमी खोटी आहे असे लगेच ठरवू नये, आणि खरी आहे असेही ठरवू नये.

उंढेऱ्याचे चार आकडे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो : ६४ पैकी २६, ७१ पैकी ३. मग विचारतो, यांतला ‘६४’ आणि ‘७१’ पुसला तर काय उरेल? एखादे वर्ष असे येते की मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणते, “सर, मग नुसतीच भीती उरंल.” १९९४ साली मी ज्याला गप्प बसवले, तो मुलगाही मागच्याच बाकावर बसत असे.